आडवं कन्नड, उभं प्राकृत

आडवं वाचलं तर कन्नड, उभं वाचलं तर प्राकृत. ‘सिरिभूवलय’ या जैन ग्रंथाची ओळख करून द्यायला एवढं एक वाक्य पुरे. कुमुदेंदु मुनींच्या नावावर असलेला हा ग्रंथ मुळात अक्षरांत लिहिलेलाच नाही. सत्तावीस आडव्या आणि सत्तावीस उभ्या ओळींचं एक चक्र, म्हणजे ७२९ घरं, आणि प्रत्येक घरात १ ते ६४ यांपैकी एक आकडा. एकेक आकडा म्हणजे एकेक ध्वनी. कुठल्या घरापासून सुरुवात करायची आणि तिथून कोणत्या चालीने सरकायचं, त्या वाटांना ‘बंध’ म्हणतात: चक्रबंध, हंसबंध वगैरे. यल्लप्पा शास्त्री, कर्लमंगलम श्रीकंठय्या आणि के. अनंतसुब्बाराव या मंडळींनी चिकाटीने ही चाल लावली आणि १९५३ साली बेंगळुरूच्या सर्वार्थसिद्धी संघाने त्यातला काही भाग छापला. आकडे चालीप्रमाणे उतरवले की सांगत्य छंदातली कन्नड पद्यं हाती येतात. त्या पद्यांची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की प्राकृत गाथा लागते, आणि मधल्या एका ठरावीक जागेची अक्षरं तशीच वाचली की संस्कृत श्लोक. इथवर कुणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावं. पुढे मात्र या ग्रंथात ७१८ भाषा आहेत, अणुविज्ञान आहे, विमानविद्या आहे असे दावे सुरू होतात, आणि ते कुठल्या घरातून कुठल्या घरात गेल्यावर मिळतं, हे विचारलं की उत्तर येत नाही. एकाच पोथीतल्या या दोन गोष्टी मला फार निराळ्या वाटतात. कन्नड वर्तमानपत्रं रोजच्या शब्दकोड्याला ‘पदबंध’ म्हणतात. बंध हा शब्द तोच. म्हणून पोथीला जो प्रश्न विचारायचा तोच रोजच्या कोड्यालाही विचारता येतो. उत्तर हवं तितकं खोल लपवावं, पण तिथवर जाण्याचा नियम शोध सुरू होण्यापूर्वी ठरलेला असावा आणि उत्तर सापडल्यावर दुसऱ्या एखाद्या दिशेने त्याची खातरजमा व्हावी. या दोन्ही गोष्टी नसतील तर लपवलेलं काही नव्हतंच, असं मी म्हणेन. या लेखातही एक उत्तर आहे. चाल सिरिभूवलयाची: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर, वरून खाली (२, २, २).

धीरशंकराभरण या रागाच्या नावात एक आकडा दडलेला आहे, आणि तो काढायला कुणाच्या कृपेची गरज नाही. चामराजपेठेतल्या रामनवमीच्या मैफलींपासून मल्लेश्वरमच्या घरगुती शिकवण्यांपर्यंत, बेंगळुरूत कर्नाटक संगीताशी संबंध आलेल्या माणसाला ७२ मेळकर्त्यांचा, म्हणजे जनक रागांचा, तक्ता माहीत असतोच. वेंकटमखीने सतराव्या शतकात ही ७२ मेळांची मांडणी केली. पुढे रागांची नावं अशी बेतली गेली की नावातूनच क्रमांक निघावा. नियम कटपयादी. क पासून एक, दोन, तीन मोजायचं. तसंच ट पासून, प पासून आणि य पासून. काना-मात्रा सोडून द्यायच्या, फक्त व्यंजन मोजायचं. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचे आकडे घ्यायचे आणि उलटे लिहायचे. ‘धी’मधला ध हा ट पासून नववा, ‘र’ हा य पासून दुसरा. नऊ-दोन उलटून २९. ‘मेचकल्याणी’त म पाचवा, च सहावा, उलटून ६५. लहान मुलं ज्या रागात पहिले पलटे घोकतात त्या मायामाळवगौळात म पाच, य एक, उलटून १५. एवढ्यावर थांबलो असतो तर ही अक्षरांची करामत ठरली असती. पण इथे खातरजमा सुरांत होते. ७२ मेळांपैकी पहिले ३६ शुद्ध मध्यमाचे, पुढचे ३६ तीव्र मध्यमाचे, आणि बाकीचे सूर दोन्ही अर्ध्यांत त्याच क्रमाने. ६५ मधून ३६ गेले, राहिले २९. म्हणजे शंकराभरण आणि कल्याणी यांच्यात एका मध्यमाचाच फरक असला पाहिजे. आपल्याकडच्या नावांनी सांगायचं तर शंकराभरण म्हणजे बिलावल थाट आणि कल्याणी म्हणजे यमन. पेटीवर दोन्ही सप्तकं वाजवून बघा, फरक नेमका तेवढाच आहे. अक्षरांनी आकडा सांगितला आणि कानांनी त्यावर शिक्का मारला. यावर कुणी म्हणेल की ही तर ओढाताण झाली. रागाचं नाव कल्याणी, त्याच्यामागे ‘मेच’ लावलं ते केवळ ६५ आणण्यासाठी. शंकराभरणाला ‘धीर’ चिकटवलं तेही त्याचसाठी. खरं आहे. पण ही ओढाताण लपवणाऱ्याने केली आहे, नियम जाहीर करून, शोधणारा येण्याच्या आधी. रचनाकाराला तो हक्क आहे; शब्दकोडं रचणारा दुसरं काय करतो? तीच ओढाताण शोधणाऱ्याने, उत्तर मनाशी धरून, मागाहून केली तर तिची किंमत शून्य.

वाल्या कोळ्याच्या तोंडून ‘राम’ निघेना, ‘मरा’ निघालं, आणि ‘मरा मरा’ घोकता घोकता त्याचं ‘राम राम’ झालं. ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगतात, पण तिच्यात आपल्या लिपीचं एक वैशिष्ट्य उघडं आहे तिकडे सहसा लक्ष जात नाही: शब्द उलटला तरी ‘रा’चा काना ‘रा’ला सोडत नाही. आपलं एकक सुटं व्यंजन नाही, अख्खं अक्षर आहे. क्रिप्टिक कोडं, म्हणजे क्लूमध्ये अर्थाबरोबर शब्दाची घडणही दडवणारं कोडं, हे इंग्रजीचं लेणं, मराठीच्या अंगावर ते शोभायचं नाही, हा आक्षेप बेंगळुरूतच काय, पुण्या-मुंबईतही ऐकू येतो. त्याला माझं उत्तर या अक्षरापासून सुरू होतं. «नेहमी उलटं वागणारा नोकर (२)». नेहमी म्हणजे सदा, ते उलटलं की दास, आणि दास म्हणजे नोकर. «दिवसामागून हत्ती, पंढरीला निघालेला (४)». वार, त्यामागून करी, वारकरी. दोन्ही क्लूंत उत्तराकडे जायला दोन स्वतंत्र रस्ते आहेत. एक अर्थाचा, एक घडणीचा. ते एकाच शब्दापाशी भेटले की सोडवणाऱ्याला उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या दैनिकांतल्या कोड्यांत ‘आडवे ५: सूर्य’ असं असतं तेव्हा रवी की भानू, हे क्लूकडून कधीच कळत नाही, सारा भार उभ्या शब्दांवर पडतो, आणि तो उभा शब्द एखादा मोडीत निघालेला प्रतिशब्द असला की कोडं शब्दकोशाच्या दारात जाऊन बसतं. मराठीची अडचण दुसरीकडे आहे आणि ती मान्य केली पाहिजे. अक्षरांची उलथापालथ करून नवा शब्द काढणं इंग्रजीत लांब लांब वाक्यांवरही चालतं, आपल्याकडे कलम मोडून कमल करण्यापलीकडे ते फारसं जात नाही. चौकट भरणंही जड जातं, कारण इंग्रजी घरात २६ शक्यता, तर आपल्या घरात जोडाक्षरं सोडूनही बाराखडीच्या चारशेच्या आसपास. क्लॉड शॅननने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की शब्दकोडी रचता येतील की नाही, हे त्या भाषेत अक्षरांवर किती बंधनं आहेत यावर ठरतं. आपली घरं जुळणं कठीण, म्हणून आपल्या चौकटींत काळी घरं जास्त. पण हाच हिशोब उलट बाजूने मांडून बघा. जुळायला कठीण असलेलं अक्षर जुळलं की त्याची साक्षही तितकीच भक्कम. इंग्रजीत एक घर भेटलं तर सव्वीसातलं एक ठरलं. आपल्याकडे ‘ळू’ भेटला की शब्द जवळजवळ हातातच आला. अट एकच. ‘वि’ आणि ‘वी’ एकमेकांच्या जागी चालतील की नाही, हे कोड्याच्या माथ्यावर छापलं पाहिजे.

टपून बसलेल्या माणसाला काहीही दिसतं. मे १९४४ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या शब्दकोड्यांत पाठोपाठ काही उत्तरं आली: यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, आणि १ जूनला नेपच्यून. ही सगळी नॉर्मंडीवरच्या स्वारीची गुप्त नावं होती, आणि स्वारीला दिवस उरले होते पाच. कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तहेर खात्याची माणसं त्यांच्या दारात आली, चौकशी झाली, निघालं काहीच नाही. चाळीस वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की चौकटी भरायला शब्द मुलं सुचवत, आणि ते मुलांनी छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले होते. शब्द खरे होते, जुळणीही विलक्षण होती, पण निरोप कुणीच कुणाला पाठवलेला नव्हता. कोड्यात ‘या घरांतली अक्षरं अशी वाचा’ असं सांगणारी एकही खूण नव्हती. वाचण्याची रीत हेरांनी आपल्या पदरची घातली होती. याच चुकीचं मोठं रूप पुढे अर्ध्या शतकाने दिसलं. हिब्रू बायबलमधली दर अमुकावी अक्षरं उचलत गेलं की कितीतरी शतकांनी होऊन गेलेल्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, नावं त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखांच्या जवळपास सापडतात, असा प्रबंध १९९४ मध्ये एका नामांकित संख्याशास्त्रीय नियतकालिकात छापून आला आणि १९९७ मध्ये त्यावरच्या पुस्तकाने त्यातून भविष्यातल्या घटनाही कळतात असा जगभर गाजावाजा केला. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने तीच रीत ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीला लावली, तर तिच्यातही हत्यांची भाकितं निघाली, इंदिरा गांधींच्या हत्येचंसुद्धा. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात त्या प्रबंधाचं सविस्तर खंडन आलं. किती अक्षरं सोडायची हे मागाहून ठरवायची मुभा असेल तर कुठल्याही जाड पुस्तकातून काहीही निघतं. या बोलण्यावर एक चांगला प्रतिप्रश्न आहे. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत मतदानाचा दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल यांच्या कोड्याच्या मधल्या ओळीत उद्याची मुख्य बातमी विचारली होती, आणि तिथे ‘क्लिंटन निवडून आले’ही बसत होतं, ‘बॉब डोल निवडून आले’ही. मग पडताळ्याचं काय झालं? तो शाबूत होता. दोन्ही नावं इंग्रजीत सात अक्षरांची, आणि त्या सात घरांतून जाणाऱ्या सातही उभ्या शब्दांचे क्लू फॅरेल यांनी दोन्हीकडून खरे ठरतील असे लिहिले होते. हॅलोविनचा काळा प्राणी, मग ते मांजर असो की वटवाघूळ, इंग्रजीत फरक पहिल्या अक्षराचा. अनिश्चितता मतपेट्यांत होती, चौकटीत नव्हती.

सांकेतिक लिपी आणि शब्दकोडं यांची गल्लत केली की आणखी एक आक्षेप उभा राहतो: रस्ता सांगून टाकलात तर गूढ उरलं कुठे? महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत नेऊन ठेवले ते परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून, आणि शतकानुशतकं ते पडलेही नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी किल्ली लावली तेव्हा मराठी गद्याचा केवढा तरी ठेवा उजेडात आला. संकेतलिपीचं यश न सुटण्यात आहे. कोड्याचं यश सुटण्यात. कोडं घालणारा हरण्यासाठीच बसलेला असतो, फक्त सहजासहजी नाही. जानेवारी २०१३ मध्ये ‘गार्डियन’मध्ये अरॉकेरिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहॅम यांनी एक कोडं दिलं. वय एक्क्याण्णव. वर सूचना होती की अरॉकेरियाला अमुक घराचं उत्तर झालं आहे आणि त्यावर तमुक घराचे उपचार चालू आहेत. वाचक सोडवत गेले आणि एकेका घरात कर्करोग, अन्ननलिका, उपशामक उपचार असे शब्द भरत गेले. सूचना पहिल्याच ओळीत होती, लपवलेलं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल; तरीही ते शब्द स्वतःच्या हाताने लिहावे लागले, आणि कुणी तोंडी सांगितलं असतं त्याहून ते कितीतरी जड झाले असतील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रॅहॅम गेले. रीत कळल्याने गूढ मरत नाही, याला मी यापेक्षा मोठा पुरावा मागणार नाही. आपल्याकडचं रामदासांचं पद्य सगळ्यांना माहीत आहे: चौदा चरणांची आद्याक्षरं जुळवली की विजापूरचा सरदार निघाल्याची खबर मिळते, आणि ते अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना पाठवलं होतं अशी परंपरा आहे. ‘विजापूर’चा पू तिथे ऱ्हस्व आहे, एवढीच काय ती सवलत. चौदा अक्षरं अशी योगायोगाने पडत नाहीत. कुणीतरी ती मुद्दाम ओवली, यात शंका नाही. पण म्हणून ती खबर त्या वेळी पाठवली गेली होती, हे सिद्ध होत नाही. रचना आपल्याला हेतू दाखवते, तारीख दाखवत नाही. तारखेसाठी कागद, शाई, पत्रव्यवहार हे निराळे साक्षीदार लागतात, आणि इतिहासकारांनी तिथे घेतलेले आक्षेप या आद्याक्षरांनी खोडले जात नाहीत. पडताळ्यावर माझा इतका भर आहे तो अशा ठिकाणी उपयोगी पडतो म्हणून. तो किती दूरवर नेतो ते कळतं आणि कुठे थांबतो तेही.

गाठ मारतानाच ती सोडवणाऱ्याचं बोट कुठून शिरेल हे ठरवावं लागतं. म्हणून लपलेल्या उत्तराचं कोडं शेवटाकडून रचतात: आधी लपवायचा शब्द, मग त्याच्या जागा, मग त्या जागांतून जाणारे आडवे-उभे शब्द, आणि क्लू सर्वांत शेवटी. बेंगळुरूत इंग्रजी क्रिप्टिकला चांगला जमाव आहे. २०१३ पासून चाललेल्या इंडियन क्रॉसवर्ड लीगची अंतिम फेरी इथे रंगलेली आहे. मुंबईचे मंगेश घोगरे यांनी तर गांधीजींच्या १५०व्या जयंतीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वाचकांना कोडं घातलं. हात मराठी माणसाचा आणि चौकट इंग्रजी, हे पाहून आनंद होतो, आणि चुटपुटही लागते. अशी कोडी मूठभरांची करमणूक, सामान्य वाचक पान उलटेल, असं संपादक म्हणू शकतात. माझा अनुभवावर नव्हे, रचनेवर विश्वास आहे: ज्या कोड्यात उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला स्वतःचं स्वतःला कळतं, त्यात पंडिताचा वरचष्मा राहत नाही. त्याला लागणारं साहित्य रोजच्या बोलण्यातलंच असतं. सगळ्यात लहान चौकट घेऊ, तीन बाय तीन, एकही काळं घर नाही. पहिली ओळ: «नभ गरजलं, पोटात उपासाचं अन्न (३)». पोटात पाहायचं आहे, म्हणून पहिल्या दोन शब्दांच्या आत शिरायचं. पण तिथे तर दोन शब्द आहेत, भगर आणि गरज, एकमेकांवर चढलेले. जागेने दोन उत्तरं दिली. उपासाच्या अन्नाने त्यातलं एक निवडलं. दुसरी ओळ: «निकड आहे ढगा, बोल (३)». गरज म्हणजे निकड, आणि ढगाला केलेली आज्ञाही. तिसरी: «महोत्सवाच्या अलीकडची चांदी (३)». रजत. आता हेच तीन शब्द उभे वाचा: पहिल्या रांगेत भगर, दुसरीत गरज, तिसरीत रजत. नऊच्या नऊ घरांना दोन-दोन साक्षी झाल्या आणि एक अक्षरही इकडचं तिकडे करता येत नाही. राहिला तिसरा रस्ता, डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरका उतरणारा: «पादुका गादीवर ठेवून राज्य सांभाळणारा (३)».